शिवेपलीकडचे मास्तर

आमचं उमापूर आज बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. गावाहून पश्चिमेला निघालं की बीडची हद्द संपते आणि शेवगाव तालुका, म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा लागतो. आता ही शीव सातबाऱ्यावर दिसते, नाहीतर रस्त्याकडेच्या पाटीवर. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मात्र तिथे राज्य बदलत होतं. अलीकडे निजामाचं हैदराबाद, पलीकडे मुंबई इलाखा, १९४७ पर्यंत इंग्रजांचा. माझी आई पलीकडची, वडील अलीकडचे. दोघंही महारवाड्यातले, दोघांच्याही घरी सारखीच गरिबी. आई चौथी झालेली होती, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. वडील सही करायला शिकले ते पोलीस ॲक्शनने हैदराबाद भारतात आल्यानंतर, मिशा फुटून गेल्यावर. एवढा फरक कशाने पडला, याचा शोध मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतला, आणि तो नेऊन पोचवतो एका माणसाकडे: खेड्यातल्या मिशन शाळेच्या मास्तराकडे. आईचे वडील त्यांतलेच एक.

मिशन शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साहेब येतो. त्याचा गोरा चेहरा, टोपी, टांगा. साहेब खरा होता, त्याने केलेलं कामही खरं होतं. पण साहेब गावात यायचा वर्षातून एकदा-दोनदा. उरलेले सगळे दिवस शाळा चालवायचा तो आपल्यातलाच माणूस होता. मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्या बायकोबद्दल, आणि बोर्डिंगात भाकरी थापणाऱ्या बायांबद्दल.

नगरला मिशनचं काम सुरू झालं १८३१ च्या डिसेंबरात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ सालीच उतरले होते. कंपनी सरकारला ते नको होते, तरी ते टिकले, १८१५ पासून शाळा काढू लागले आणि १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. मग घाट चढून ते नगरला आले. या पहिल्या काळातल्या शाळांमध्ये शिकवायला कोण असे? बहुतेक ठिकाणी ब्राह्मण पंतोजी. मिशनकडे शिकवू शकणारे ख्रिस्ती लोक नव्हतेच, म्हणून गावातल्या पंतोजीला पगार देऊन ठेवायचं, पुस्तकं मिशनची, आणि मुलं पंतोजीला मिळतील ती. पंतोजी मिशनच्या छापील पुस्तकातला धडा वाचून घ्यायचा आणि घरी जाऊन आपली संध्या करायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे, साहेबाला मात्र वाटे. शिवाय अशा शाळेत महारामांगाचं पोर बसलं तर बाकीची उठून जात. कागदावर शाळा सर्वांसाठी खुली, पण ओसरी पंतोजीच्या आळीतली.

या काळातली एक बाई मला फार मोलाची वाटते. सिंथिया फरार. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरची. १८२७ साली, बत्तीस वर्षांची, लग्न न झालेली बाई जहाजात बसून मुंबईला आली, मुलींच्या शाळा चालवायला. पुढे १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. पस्तीस वर्षांच्या आसपास एकच काम: मुली गोळा करणं, त्यांना शिकवायला माणसं तयार करणं, गेलेल्या मुली परत आणणं. १८४८ साली जोतीराव फुले नगरला गेले, त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे तेव्हा तिथे होते. जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं त्यातलं एक ठिकाण फरारबाईंची नगरची संस्था, हे आता शाळेतली मुलंही ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणात सांगतात. पण त्या भाषणात एक गोष्ट सुटते. फरारबाई नगरला नुसत्या मुली शिकवत नव्हत्या, शिकवणाऱ्या बायका घडवत होत्या. मुलगी शिकून घरी गेली तर एक घर शहाणं होतं, आणि तीच बाई शिक्षिका झाली तर शाळा उभी राहते. सावित्रीबाई हे त्याचं सगळ्यात मोठं फळ आहे, आणि ते मिशनच्या बाहेर जाऊन लागलं, हेही मला बरं वाटतं.

आमच्या आजोबांच्या जातीचा माणूस मास्तर झाला तो मात्र आणखी काही वर्षांनी, आणि त्यामागे बोस्टनहून आलेला एक निर्णय आहे.

१८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टन इथल्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांनी मुंबई, नगर सगळं पाहिलं आणि ठरवलं की इंग्रजी शाळांवर मिशनचा पैसा घालायचा नाही. मुंबईतली इंग्रजी शाळा बंद झाली. पैसा जाईल तो मराठी शाळांना, खेड्यांत, आणि तिथे शिकवणारा मास्तर ख्रिस्तीच हवा. पंतोजींची सद्दी संपली. याच सुमारास नगर जिल्ह्यातले महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती होऊ लागले होते. म्हणजे ख्रिस्ती मास्तर हवा, तर तो याच लोकांतून येणार. ज्याच्या सावलीचा विटाळ मानत, तो हातात खडू घेऊन उभा राहिला तो अशा रीतीने.

हा निर्णय एका अंगाने चांगला झाला आणि दुसऱ्या अंगाने त्याने आमचं नुकसान केलं. दोन्ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चांगलं हे की शाळा महारवाड्यात आली. ते किती मोठं होतं हे कळायला त्याच वर्षांतली एक गोष्ट पाहावी. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने नाव घालायचा प्रयत्न केला आणि त्याला घेतलं नाही. सरकारनेही तेव्हा हात झटकले. कारण काय, तर एका मुलाला घेतलं तर बाकीची सोडून जातील. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं. सरकारी शाळेचं दार असं अडलेलं असताना, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत महारवाड्याच्या मधोमध एक मास्तर पाट्या वाटत बसला होता. नुकसान हे की त्या शाळेला पुढची पायरी नव्हती. इंग्रजी शिकलेला मुलगा कचेरीत कारकून होत होता, वकील होत होता. मराठी चौथी-सहावी झालेला आमचा मुलगा फार तर मास्तर व्हायचा, नाहीतर उपदेशक. नगरला मिशनचं हायस्कूल पुढे उभं राहिलं, पण मधल्या काळात एका पिढीचा रस्ता बोस्टनमध्ये बसलेल्या माणसांनी आखला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आपल्या मुलांनी कुठवर शिकावं, हे महारवाड्याला कुणी विचारलं नाही.

मास्तर हवेत म्हटल्यावर ते तयार करायची सोय लागली. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्लंडात एक ख्रिस्ती शिक्षण संस्था निघाली, देशी भाषांतून शिकवणारे शिक्षक तयार करायला. तिने १८६० च्या दशकात नगरला नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षकांची शाळा चालू केली. खेड्यातला पोरगा मिशनच्या शाळेत शिकायचा, हुशार निघाला तर नगरच्या बोर्डिंगात यायचा, तिथून नॉर्मलला, आणि परत एखाद्या खेड्यात. आजोबांचा रस्ताही हाच होता, फक्त बऱ्याच नंतरच्या काळातला.

सरकारी अनुदानाची भानगड इथे सांगायला हवी, कारण मास्तराची झोप तिने उडवलेली असे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं. मुंबई इलाख्यात ते निकालावर ठरायचं. डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अधिकारी यायचा, एकेका मुलाला उभं करून वाचायला, लिहायला, हिशेब करायला सांगायचा, आणि जेवढी मुलं उतरली तेवढं अनुदान. आता महारवाड्यातली मुलं कुठे असत? वतनाची कामं होती. कागद पोचव, लाकडं फोड, साहेबाच्या घोड्यापुढे धाव. बापाच्या वाट्याची धाव पोराला पडायची. सुगीत मुलं रानात. डिपोटीच्या दिवशी ती शाळेत आणायची म्हणजे मास्तराने आदल्या रात्री घरोघर हिंडायचं, पाटलाच्या पाया पडायचं की उद्या एक दिवस या पोरांना मोकळं सोडा. आजोबा सांगत, पाटील भला होता, सोडायचा. पण मागावं लागायचंच.

माझ्या आठवणीतले आजोबा म्हातारे आहेत, पांढरं धोतर, काळा कोट, आणि कोटाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. त्यांच्या शाळेचं वर्णन आईकडून ऐकलेलं. एकच खोली, मातीची, वर पत्रे. शनिवारी संध्याकाळी शेणानं सारवायची, कारण रविवारी तीच खोली उपासनेची. सकाळी लहानांचं धुळाक्षर, मग पाट्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळ्या उजळण्या मोठ्याने, सुरात. मोठ्या मुलांना मोडी. आजोबांचं म्हणणं असे की मोडी आली नाही तर सावकाराचा कागद कसा वाचणार? पुस्तकात नसलं तरी ते मोडी शिकवत. दुपारी प्रार्थना, एक गीत, शुभवर्तमानातली गोष्ट. रात्री कंदिलावर बाप्यांची शाळा.

आणि शाळा सुटल्यावर खरं काम सुरू व्हायचं. मुंबईला गिरणीत गेलेल्या पोराचं पत्र आलं, मास्तर वाचून दाखवणार. पलटणीतल्या भावाला उत्तर, मास्तर लिहिणार. कुळकर्ण्याने पावती दिली, ती खरी का खोटी ते मास्तर सांगणार. हिवताप आला, क्विनाइनच्या गोळ्या मास्तराकडे. कुणी मेलं तर मास्तर, लग्न ठरलं तर मास्तर. महिन्यातून कधीतरी कीर्तन. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलंसं करून घेतलं होतं. कृष्णराव सांगळे यांनी येशूचरित्रावर कीर्तनं रचली, गायली, आणि खेड्यातले मास्तर टाळ-मृदंग घेऊन तीच परंपरा चालवत. आख्यान ख्रिस्ताचं, पण उभं राहणं, पूर्वरंग-उत्तररंग, साथीदार, सगळं आपल्याच मातीतलं. आजोबांना गळा नव्हता, पण मृदंग ते छान वाजवत. मराठवाड्यातल्या भजनी मंडळात त्यांना बसवलं असतं तर कुणाला वेगळं वाटलं नसतं.

नेवासे तालुक्यातल्या वडाळा बहिरोब्याला सॅम्युएल फेअरबँक हे साहेब बरीच वर्षं राहिले. त्यांना शेतीची आवड, पाखरांचा नाद. त्यांनी गोळा केलेल्या पाखरांचे नमुने मोठमोठ्या अभ्यासकांकडे गेले आणि दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पाखराच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे. त्यांच्या हाताखाली ज्या खेड्यांत शाळा चालल्या त्या खेड्यांतल्या मास्तरांची नावं मात्र वार्षिक अहवालात बहुधा एका आकड्यात मिटतात: अमुक शाळा, अमुक शिक्षक. त्या पाखरावर माझा राग नाही. साहेब मनापासून काम करणारे होते. मला त्या आकड्यातली माणसं हवी आहेत.

त्या आकड्यातही न आलेली माणसं म्हणजे मास्तरीणबाई. माझी आजी कागदोपत्री शिक्षिका नव्हती. आजोबांच्या पगारात तिचा पगार नव्हता. पण मुलींना शिवणटिपण ती शिकवायची, लहान्यांची नाकं ती पुसायची, उवा ती काढायची, आजोबा नगरला मासिक सभेला गेले की शाळा ती चालवायची. दुपारच्या वेळी बाया निवडटिपण घेऊन तिच्या ओट्यावर बसत आणि ती त्यांना वाचून दाखवायची. आईच्या तोंडचं वाक्य आहे, "बाप्पांनी मला शाळेत घातलं, पण अक्षर माह्या आईनं गिरवून घेतलं." मिशनला हे माहीत होतं. मास्तर नेमताना त्याची बायको वाचायला शिकलेली असावी, असं मिशनला वाटे, आणि नगरच्या मुलींच्या बोर्डिंगातून शिकून निघालेल्या मुली मास्तरांना दिल्या जात. एका पगारात दोन माणसं मिळत. सगळ्या इलाख्यात सरकारी शाळांना शिक्षिका सहज मिळत नव्हत्या त्या काळात, शेवगाव-नेवाशाच्या आडगावात एक शिकलेली बाई बिनपगारी शिकवत होती. हे मी माझ्या नोकरीत सावित्रीबाईंच्या जयंतीला वारंवार सांगत आले.

बोर्डिंगात आणखी वेगळी मंडळी. मेट्रन, स्वयंपाकीण, राखणदार, पाणक्या. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ, या दोन्ही वेळी मिशनकडे अनाथ मुलांचे लोंढे आले. त्यांत निजाम हद्दीतलीही पोरं असणार, कारण दुष्काळाला शीव कळत नाही. एवढ्या मुलांना जगवायचं म्हणजे आधी दळण, मग धडा. जेवायला सगळ्यांची एक पंगत. महाराच्या पोराशेजारी मांगाचं, त्याच्याशेजारी कुणब्याचं, आणि वाढणारी बाई कुणीही. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले आणि मागून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नगरचं हे जग भेटतं. सोवळंओवळं एकेक करून सोडताना बाईंना किती जड गेलं ते वाचलं की बोर्डिंगातली ती साधी पंगत केवढी मोठी गोष्ट होती ते कळतं. आमच्या शेजारच्या गावांत आजही काही पंगती वेगळ्या बसतात.

आता अलीकडच्या बाजूचं. निजामाच्या राज्यात मिशनं नव्हतीच असं नाही. जालन्याला नारायण शेषाद्री होते. मूळचे ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले, स्कॉटिश मिशनचे. त्यांना दिवाण सालार जंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथे त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं, शाळा आणि शेती एकत्र. मराठी माणसाने चालवलेलं मिशन म्हणून ते मला फार महत्त्वाचं वाटतं. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी, जन्माने पारशी. पण हे ठिपके होते. नगर जिल्ह्यात जसं खेड्याखेड्यांत जाळं विणलं गेलं, तसं शिवेच्या अलीकडे झालं नाही. मुंबई सरकारचं अनुदान शिवेवरच थांबायचं. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत, कचेरी उर्दूत. १९२० च्या दशकात खाजगी शाळा काढायला आधी परवानगी घ्यावी, असा नियम आला आणि होत्या त्या शाळाही घटल्या. १९०१ च्या खानेसुमारीत सगळ्या हैदराबाद संस्थानात लिहितावाचता येणारे शंभरात तीन होते. बायांचं प्रमाण तर हजारात मोजावं असं. त्या न शिकलेल्या सत्त्याण्णवांत माझे वडिलांकडचे आजा-आजी आले.

म्हणून उमापूरसारख्या गावांतून शिकणं म्हणजे शीव ओलांडणं होतं. पाहुण्यांकडे ठेवलेलं एखादं पोर, मावशीच्या घरी राहून मिशन शाळेत बसलेलं. आजोबांच्या शाळेत अशी निजाम हद्दीतली मुलं असत, आणि हजेरीपटावर त्यांचा पत्ता मावशीचाच असे. आई लग्न होऊन उमापुरात आली तेव्हा महारवाड्यात पत्र वाचू शकणारी ती एकटी बाई होती. लोक तिला मास्तरीण म्हणत, आयुष्यात एक दिवस नोकरी केली नसताना.

मिशनच्या या शाळा संपल्या त्या एका दिवशी नाही. १९३० च्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला आणि पहिला हात पडला खेड्यातल्या शाळांवर. लोकल बोर्डाच्या शाळा वाढत गेल्या, तिथे कायद्याने सर्वांना प्रवेश मिळू लागला, निदान ओटीवर तरी. स्वातंत्र्य आलं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शिकलेले मास्तर, त्यांची मुलं, त्यांच्या सुना या नव्या शाळांमध्ये आल्या. मराठवाड्यात १९४८ नंतर एकदम शाळा निघू लागल्या तेव्हा मराठी शिकवायला माणसं कमी होती, आणि शिवेपलीकडून आलेल्यांत मिशनमध्ये घडलेले मास्तरही होते. माझी पहिली नेमणूक झाली त्या शाळेत एक जुने गुरुजी होते, ते पाढे सुरात घ्यायचे, अगदी आजोबांच्या चालीवर. मी विचारलं, कुठले तुम्ही? म्हणाले, शेवगावचा, मिशनमध्ये शिकलो.

बोर्डिंगाची गरज अजून संपलेली नाही. दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातली गावं ऊसतोडीला रिकामी होतात. मुलं आईबापाबरोबर जातात, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. मी मुख्याध्यापक असताना असं वसतिगृह चालवलं. भाकऱ्या करायला गावातल्याच दोन बाया होत्या. त्यांतली एक रात्री मुलींना निजवताना त्यांच्याकडून बाराखडी म्हणवून घ्यायची, कारण तिला स्वतःला ती शिकायची होती. तिची नेमणूक मदतनीस म्हणून होती, मानधन उशिरा यायचं, आणि अहवालात तिच्यासाठी रकाना नव्हता. मी तिचं नाव शेऱ्यात लिहिलं.

अमेरिकन मराठी मिशनचे कागद बोस्टनजवळ हार्वर्डच्या ग्रंथालयात नीट जपलेले आहेत, साहेबांची पत्रं, अहवाल, हिशेब. मास्तरांचे कागद आपल्या घरांत आहेत. नॉर्मल स्कूलचं सर्टिफिकेट, जुना हजेरीपट, कीर्तनाची वही, मास्तरणीच्या हाताचा शिवणाचा नमुना. शेवगाव, नेवासे, पाथर्डी, गेवराई, पैठण या भागांत मी घरोघर जाऊन हे पाहते आहे. आतापर्यंत मिळालेल्या बहुतेक वह्यांना वाळवी लागलेली होती. मास्तरणींची नावं तर कागदावर मिळतच नाहीत, ती ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांना विचारावी लागतात, आणि अशी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अशी शाळा चालवली असेल त्यांनी पत्र्याची पेटी उघडून पाहावी, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी आजीचं नाव विचारावं, मग आजोबांचं.